एका थेंबात दोघं

“तेवीस,” असं म्हणून मगदूम सरांनी कागद माझ्यासमोर ठेवला. “शंभरात तेवीस. टाकून दे. मी त्यांना सांगतो.”

सकाळचे साडेदहा झाले होते. काचेपलीकडच्या खोलीत शालन सूर्यवंशी नावाची एकोणचाळीस वर्षांची बाई लिटरभर पाणी पिऊन खाटेवर बसली होती. गर्भ आत सोडताना सोनोग्राफीत पिशवी नीट दिसावी म्हणून लघवी दाबून बसायला लावतात, तसं आम्हीच तिला बसवलं होतं. तिचा उरलेला एकुलता एक गर्भ, पाच दिवसांचा, माझ्या मायक्रोस्कोपखाली होता. तो आत सोडायचा की कचऱ्यात टाकायचा, याचा निकाल एका मशीननं दिला होता.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि मिरजेच्या एका वंध्यत्व केंद्रात गर्भ वाढवायचं काम करत होते. बीज आणि शुक्राणू बाहेर एकत्र आणायचे, पाच दिवस इनक्युबेटरमध्ये सांभाळायचे आणि त्यातलं चांगलं निघेल ते डॉक्टरांच्या, म्हणजे मगदूम सरांच्या, हाती द्यायचं. चांगलं कुठलं ते आम्ही डोळ्यांनीच ठरवायचो. पेशी किती झाल्या, सारख्या आहेत का, कडा स्वच्छ आहेत का, एवढंच बघायचं. मुलगी बघायला गेल्यासारखंच होतं ते, आणि तितकंच बेभरवशाचं.

त्या वर्षी सरांनी मशीन आणलं. गर्भ ज्या थेंबात वाढतो, त्या थेंबातून तो काय खातो आणि त्यात काय टाकतो, ते मोजून मशीन गुण द्यायचं. चाळीसच्या वर पास, खाली नापास. नापास झालेला आत सोडायचा नाही. सहा महिने ही चाचणी चालायची होती. प्रत्येक केसची नोंद एका लांबलचक वहीत होत होती आणि डिसेंबरात सर ते आकडे परिषदेत मांडणार होते. त्यासाठी भिंतीवर ठळक अक्षरांत नियम लावला होता : एका थेंबात एकच गर्भ.

तो नियम मी मोडला होता, आणि ते फक्त मला माहीत होतं.

मला शिकवलं त्या घारपुरे सरांची एक सवय होती. अशक्त दिसणारे गर्भ ते कधी एकटे ठेवत नसत. “बिचारी एकटी वाढत नाहीत, शेजार लागतो त्यांना,” म्हणायचे, आणि दोन-तीन एकाच थेंबात सोडायचे. चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर माझ्याही हाताला तेच वळण पडलं होतं. शालनताईंची पाच बीजं मिळाली होती, दोन रुजली. तिसऱ्या दिवशी दोन्ही रडतखडत चालली होती. नव्या थेंबात हलवताना माझ्या हातानं दोघांना एकत्रच सोडलं. भिंतीवरचा नियम मला दुपारी डबा खाताना आठवला. तेव्हाच वेगळं करता आलं असतं. पण पुन्हा बाहेर काढून त्यांना गारठवायला नको, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मगदूम सरांना कळेल याची भीती जास्त होती.

पाचव्या दिवशी बघते तर एक सहा पेशींवर थांबून कुसकरून गेलेला, आणि दुसरा छान गोल फुगलेला. मशीननं जो थेंब मोजला, तो या दोघांचा होता. एरवीही वाढ थांबलेल्याचा थेंब मोजत नसत, म्हणून एकच आकडा बघून सरांना संशय आला नाही. मेलेल्यानं त्यात जे काही सोडलं होतं, तेही त्या तेवीसमध्ये होतं. जिवंत असलेल्याचे गुण किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

“सर, दिसायला चांगलाय,” मी म्हणाले. “एकदा बघा तरी.”

“दिसण्यावर जायचे दिवस गेले संजीवनी. म्हणून तर मशीन आणलं.”

“पण त्यांचा शेवटचाच आहे.”

सर खुर्ची ओढून बसले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. “मागच्या वर्षीची कवठ्याची ती बाई आठवते?” त्यांनी विचारलं. “सात वेळा सोडला आपण. दर वेळी दिसायला चांगला. सातव्या वेळी रिपोर्ट ऐकून ती माझ्या केबिनमध्ये फरशीवर बसली आणि तासभर उठलीच नाही. मला पुन्हा कुणाला असं खाली बसवायचं नाही. खोटी आशा देणं हे पाप आहे.”

यावर मी सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण महिन्याभरापूर्वीच सरांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं की या चाचणीत जो हलगर्जीपणा करेल, त्याला इथे जागा नाही. मिरजेत अशी दुसरी लॅब नव्हती. मी गप्प बसले. लोक म्हणतात, माणूस चुकतो. चुकतो ते एकदाच. पुढचं सगळं तो जाणूनबुजून करतो.

“चल, तूही ये,” सर म्हणाले. “त्यांना काही विचारायचं असलं तर सांगायला.”

शालनताई पाय आवळून बसल्या होत्या. तासगावकडच्या, घरची द्राक्षबाग. हात रापलेले, नखांच्या कडा काळ्या. शेजारी त्यांचे यजमान विलासराव, मांडीवर टोपी घेऊन.

“डॉक्टर, लवकर करा ओ,” त्या आम्हाला बघताच म्हणाल्या. “आता खोकले तरी फजिती हुईल.”

विलासराव हसले. सर हसले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि शांतपणे, एकेक शब्द तोलत सगळं सांगितलं. दोनपैकी एक वाढला नाही. दुसरा वाढला, पण ज्या थेंबात तो वाढला त्याची तपासणी केली, शंभरात तेवीस आले. असा गर्भ पोटात टिकत नाही. आत सोडून बारा दिवस वाट बघायची आणि मग रडायचं, त्यापेक्षा आज थांबलेलं बरं.

विलासरावांनी टोपी फिरवली. “डॉक्टर म्हणत्यात तर...” असं म्हणून ते बायकोकडे बघायला लागले.

शालनताईंच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. भुवया जवळ आल्या होत्या. बाजारात वजनकाट्याकडे बघावं तशा त्या सरांकडे बघत होत्या.

“म्हंजे त्येला चिरून बगितलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “त्येच्या भोवतीचं पाणी बगितलं.”

“बरोबर.”

“आमी बागंत देठ तपासायला देतो बगा. पानाचा देठ. त्यावरनं कळतंय, झाडाला काय कमी पडतंय ते. मीच गोळा करते दर साली.” त्या थांबल्या. पाण्यानं जीव मेटाकुटीला आला होता, पण घाई नव्हती. “मागच्या खेपंला आमच्या धाकट्या दिरानं शहाणपणा केला. दोन प्लॉटचं देठ एकाच पिशवीत भरून लॅबला दिलं. रिपोर्ट आला, पोटॅश कमी. आता कंच्या प्लॉटला कमी? एका बागंत खताचा मारा केला, पार वाया गेला. कमी हुतं दुसऱ्याच प्लॉटला.”

“हो, पण इथे...” सर म्हणाले.

“म्हणून इचारते. ही दोगं येगयेगळी ठेवली हुती का एका पाण्यात?”

सर ताबडतोब म्हणाले, “वेगळी. नियमच आहे आपला.” आणि दुजोऱ्यासाठी माझ्याकडे वळले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला वाटलं की ही बाई काचेतून सगळं बघत होती. ती काही बघत नव्हती. तिला फक्त देठ गोळा करायची अक्कल होती, जी मला भ्रूणशास्त्राची पदवी घेऊन वापरता आली नव्हती. मान हलवली असती तर सगळं मिटलं असतं. पण मान हललीच नाही.

“वेगळी नव्हती,” मी म्हणाले. “तिसऱ्या दिवसापासून दोन्ही एकाच थेंबात होती. चूक माझी आहे. ते तेवीस गुण दोघांचे मिळून आहेत. त्यातला एक मेलेला आहे.”

सर उठले, माझं कोपर धरून मला दाराबाहेर नेलं आणि दार लोटलं.

“काय बोललीस तू? कुणासमोर बोलतेस?”

“ज्यांचा आहे त्यांच्यासमोर.”

“मला आधी सांगता आलं नाही?”

“भीती वाटली. तुमचीच.”

त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “ठीक आहे. मग गुण किती धरायचे?”

“गुणच नाहीत त्याला.”

“आणि बिनगुणाचा सोडायचा?”

“हे मशीन येईपर्यंत तुम्ही कितीजणींना सोडलेत सर? सगळे बिनगुणाचेच होते. त्यातली पोरं आता शाळेत जातात. दिवाळीला तुम्हाला फराळ आणून देतात.”

“उलट उत्तरं देऊ नकोस.”

“मग सरळ प्रश्न विचारा.”

हे मी म्हणाले यावर माझा आजही विश्वास बसत नाही. नोकरी जाणार हे एकदा कळलं की जीभ किती हलकी होते! सरांचे कान लाल झाले होते. ते काही बोलणार, तेवढ्यात आतून हाक आली.

“आवं डॉक्टर! जे काय बोलायचं ते आत येऊन बोला. माझं हाय, मला ऐकू द्या.”

आम्ही आत गेलो. दोन पोरांनी शाळेत मारामारी करावी आणि बाईंनी बोलवावं, तसे उभे राहिलो.

“मी इथनं हलत न्हाई,” शालनताई म्हणाल्या. “हलले तर पाणी जाईल आणि परत सगळा खेळ. आता सांगा, ते जित्तं हाय का न्हाई?”

“जिवंत आहे,” मी म्हणाले.

“टिकंल का?”

“माहीत नाही.”

“डॉक्टर, तुमाला म्हाईत हाय?”

सरांनी चष्मा काढला. “नाही,” ते म्हणाले. “आता नाही सांगता येत.”

“मग झालं की. दोगांलाबी म्हाईत न्हाई, तर नापास कसं म्हणायचं? बघितलं न्हाई तवर कुणाला नापास करायचं नसतंय. आत सोडा.”

“शालनताई, नाही टिकला तर तुम्हाला फार त्रास होईल. मी तो बघितलाय.”

“तरास माझा हाय का तुमचा?” त्यांचा आवाज चढला. “अकरा वर्सं सासू म्हणती, जमीन खडकाळ हाय. जावा म्हणत्यात. बारशाला बोलवत न्हाईत मला कुणी, ओटी भरायची आली की मला मागं सारत्यात. त्यो तरास सोसला का न्हाई? ह्योबी सोशीन. पण माझं जित्तं असल्यालं तुमी कचऱ्यात टाकलं, तर त्ये न्हाई सोसणार.”

विलासरावांनी टोपी डोक्यावर घातली आणि उभे राहिले. “डॉक्टर, सोडा,” ते म्हणाले. सकाळभरात ते पहिल्यांदाच ठाम बोलले होते.

सरांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “तयार आहे का सगळं?”

“आहे.”

बारा वाजायच्या आत मी तो गर्भ बारीक नळीत घेतला. सरांनी नळी आत घातली. सोनोग्राफीच्या पडद्यावर राखाडी धुरकटात एक पांढरा ठिपका उमटला आणि जागच्या जागी राहिला. मी नळी परत मायक्रोस्कोपखाली तपासली. रिकामी होती. नळीत मागे राहिला नाही असं मी ओरडून सांगितलं, तेव्हा शालनताई म्हणाल्या, “आता तरी जाऊ द्या मला मोरीकडं!”

पुढचे बारा दिवस सर माझ्याशी कामापुरतं बोलले. मीही माझी बाजू मांडायला गेले नाही. मला कुणी काढलं नाही आणि ठेवणार असंही कुणी म्हणालं नाही. पण मी सारखा एकच विचार करत होते. देवाला मानणारी मी नाही, तरी मनात म्हणायचे की हा एवढा राहू दे. राहिला असता तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. माझीही चूक पुण्याच्या खाती जमा झाली असती. आपल्या बाजूनं असा निकाल मागणं हा सुद्धा स्वार्थच, पण मी मागितला.

गर्भ राहिला नाही.

रक्ताचा रिपोर्ट सकाळी आला. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण शालनताई यष्टीनं स्वतः आल्या, विलासरावांना घेऊन. सरांनी केबिनमध्ये मलाही बोलावलं. त्यांनी सांगितलं. शालनताईंनी पदर तोंडाला लावला. रडण्याचा आवाज येत नव्हता, खांदे हलत होते. विलासराव खिडकीबाहेर बघत होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांचं ते दुःख माझ्या हातून घडलेलं होतं, असं मला वाटलं. खरं-खोटं कोण जाणे.

त्या सावरल्या तेव्हा सरांनी चाचणीची ती लांब वही उघडली आणि केसची राहिलेली ओळ भरली. मी त्यांच्या मागेच उभी होते, त्यामुळे वाचता आलं. गुण तेवीस. भाकीत, टिकणार नाही. निकाल, टिकला नाही. शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, भाकीत बरोबर.

“सर,” मी म्हणाले, “ते तेवीस त्याचे नव्हते.”

“संजीवनी, बाहेर बोलू.”

“सगळं बाहेरच बोलायचं असतं का? तो आकडा चुकीच्या थेंबाचा आहे. ही केस चाचणीत धरता येत नाही.”

सर वळले. रागावले नव्हते, दमले होते. “हे बघ,” ते हळू आवाजात म्हणाले. “मशीननं नाही म्हटलं, निकालही ‘नाही’ असाच आला. यात खोटं काय लिहिलंय मी? तू दोघांना एकत्र ठेवलंस याची नोंद मी कुठेही करत नाही. ना वहीत, ना तुझ्या फाइलीत. विषय संपला. तुझ्याही दृष्टीनं हेच बरं.”

बरं होतंच. सुंठीवाचून खोकला जात होता. त्या एका ओळीत माझी चूक गुपचूप पुरली जाणार होती आणि नोकरी वाचणार होती. मी तोंड उघडलं तर ज्या गर्भासाठी भांडले, तोही गेला होता आणि हाती काही लागणार नव्हतं. हरलेल्या माणसानं हिशेब मागू नये असं म्हणतात. मला त्या क्षणी कळलं की हरल्यावरच तो मागायचा असतो. जिंकल्यावर तर कुणीही मागेल.

“काय लिवलंय?” शालनताईंनी विचारलं.

मी सांगितलं. मशीननं नापास केलं होतं, आणि आता वहीत लिहिलंय की मशीन खरं बोललं.

त्यांनी डोळे पुसले. “पण मशीननं त्येला बगितलंच न्हाई की. दोगांचं मिळून बगितलं.”

“हो.”

“मग खरं कसं बोललं?”

“शालनताई,” सर समजुतीच्या सुरात म्हणाले, “आता त्यानं काय फरक पडतो? गेलं ते गेलं.”

“गेलं त्ये माझं गेलं,” त्या म्हणाल्या. “त्ये मी बघून घेईन. वय झालं असंल, नशीब नसंल, काय बी असंल. पण डॉक्टर, ह्या वहीचं तुमी करणार काय?”

“परिषदेत मांडणार. इतर डॉक्टरांना कळावं म्हणून.”

“म्हंजे उद्या माझ्यासारखी कोण तर बाई येणार. पाणी पिऊन, पाय आवळून बसणार. आणि तुमी तिला ह्यातनं वाचून सांगणार, तेवीसवालं जगत न्हाई बाई, टाकून दे.” त्या उठून उभ्या राहिल्या. आवाज फुटत होता, पण थांबत नव्हत्या. “तिचं तेवीसवालं जगणारं असलं तर? माझं मेल्यालं तिच्या वाटंत आडवं घालू नका. त्येवढं करू नका.”

सरांनी वहीवर हात ठेवला होता. मी तो हात बाजूला होण्याची वाट बघितली. झाला नाही, तेव्हा मी मनगटाला धरून बाजूला केला. त्यांनी मला करू दिला.

त्यांचंच पेन घेऊन मी ती सबंध ओळ खोडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर लिहिलं : एका थेंबात दोन गर्भ ठेवले, गुण ग्राह्य नाहीत, चूक माझी. खाली सही केली, संजीवनी बापूसाहेब कुरणे, पूर्ण नावानं, म्हणजे पुढे कुणाला शोधायचं असलं तर सापडावी. ती नोकरी पुढे महिनाभर टिकली. मला तिचं दुःख झालं नाही, आजही होत नाही.

शालनताई टेबलाशी आल्या. त्यांना इतकं बारीक अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून मला वाचायला लावलं. मी वाचलं.

“परत वाचा,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांला नीट ऐकू जाऊ द्या.”

मी परत वाचलं, मोठ्यानं.